चोरीचा माल आणि पावती नसलेला माणूस

चोरीचा कायदा सर्वांना सारखा आहे, असे आपण वर्गात शिकवतो. कायद्याच्या शब्दांपुरते ते खरेही आहे. 'ज्याच्याजवळ चोरीची वस्तू सापडेल' एवढेच कायदा म्हणतो. त्या माणसाची जात तो विचारत नाही. परंतु वस्तू कोणाच्या हातात असली म्हणजे ती चोरीची वाटू लागते, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नसते. ते नाक्यावर, चौकीत आणि आठवडी बाजारात ठरते. पांढरपेशा माणसाची मोटारसायकल अडवली तर कागदपत्रे विचारतात. पारध्याच्या पोराची अडवली तर 'कुणाची उचललीस?' असे विचारतात. या दोन प्रश्नांमधले अंतर कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेले नाही, तरीही ते रोज अमलात येते.

१ जुलै २०२४ पासून देशाचे फौजदारी कायदे बदलले. १८६० ची दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम आला. राजद्रोहाच्या कलमावर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. चोरी, चोरीचा माल आणि वाहनचोरी यांच्या कलमांत जे बदल झाले, त्यांच्याकडे मात्र आपल्या चळवळीचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक आपल्या वस्त्यांतील तरुणांचा फौजदारी कायद्याशी पहिला संबंध येतो तो याच कलमांतून. म्हणून ही कलमे काय म्हणतात, ती कुठून आली आणि कार्यकर्त्याने त्यांच्याकडे कसे पाहावे, हे सरळ भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

संशय वस्तूवर की माणसावर?

जुन्या दंड संहितेत ४१० ते ४१४ ही कलमे चोरीच्या मालाविषयी होती. त्यांच्या थोडेसे मागे ४०१ वे कलम होते. नेहमी चोऱ्या करण्यासाठी जमलेल्या टोळीत असणे हाच त्या कलमाखाली गुन्हा होता आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. त्या टोळीचे वर्णन करताना इंग्रज कायदेकर्त्यांनी 'भटकी' हे विशेषण खास घातले होते. गावगाड्यात ज्यांना घर नाही, शेत नाही, वतन नाही, त्यांचे फिरणे हीच संशयाची बाब झाली. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा १९११ च्या नव्या रूपात मुंबई आणि मद्रास इलाख्यांतही आला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. आता चोरी सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. जन्म हाच पुरावा ठरला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली, माणसांची हजेरी सुरू झाली. त्या वस्तीला आजही लोक 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य व आदिवासी जमातींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष स्टार्ट हे सेटलमेंटच्या कारभारातलेच अधिकारी होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सभासद होते. म्हणजे अस्पृश्यतेचा प्रश्न आणि 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींचा प्रश्न हे दोन्ही एकाच काळात, एकाच शासनाच्या टेबलावर होते. आपण मात्र चळवळीत ते पुष्कळदा वेगळे ठेवले. 'उपरा' आणि 'उचल्या' ही आत्मकथने आल्यावर मराठी वाचकाला या दुसऱ्या प्रश्नाची जाग आली, ती १९८० नंतर.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. कागदावर कसोटी बदलली: जन्माऐवजी झालेल्या शिक्षा मोजायच्या. परंतु ज्या समाजावर आधीच नजर आहे, त्याच्या शिक्षा लवकर मोजून होतात. नव्या न्याय संहितेने ४०१ च्या जागी जे ३१३ वे कलम घातले आहे, त्यातून 'भटकी' हा शब्द गेला आहे. याचे स्वागत केले पाहिजे. शब्द जायला १६० पेक्षा अधिक वर्षे लागली. दृष्टी जायला किती लागतील, हा पुढचा प्रश्न आहे.

माहीत असणे म्हणजे काय

नव्या संहितेचे ३१७ वे कलम चोरीच्या मालाविषयी आहे. चोरी, खंडणी, जबरी चोरी यांतून हस्तांतरित झालेली किंवा अपहार केलेली वस्तू म्हणजे चोरीचा माल, ही जुनी व्याख्या होती. आता फसवणुकीतून मिळवलेली वस्तूही तिच्यात आली आहे. असा माल घेणे किंवा जवळ ठेवणे याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. नेहमी असा व्यवहार करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

पण नुसता माल सापडला म्हणून गुन्हा होत नाही. तो चोरीचा आहे हे माहीत असले पाहिजे, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असले पाहिजे, आणि माल अप्रामाणिकपणे घेतलेला असला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये त्रिंबक विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात सरकार पक्षाने काय सिद्ध करायचे ते सांगून ठेवले आहे: माल आरोपीच्या ताब्यात होता, त्याआधी तो दुसऱ्या कोणाच्या ताब्यात होता, आणि तो चोरीचा असल्याची आरोपीला जाणीव होती. २०२२ मध्ये शिवकुमार विरुद्ध मध्य प्रदेश या निकालातही जाणीव सिद्ध झाली नाही म्हणून शिक्षा रद्द झाली. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे न्यायालय एकच गोष्ट सांगत आहे. ती चौकीपर्यंत पोहोचत नाही, हे आपले दुखणे आहे.

हिशेब कोणी द्यायचा?

मग गरीब माणूस अडकतो कुठे? तो अडकतो पुराव्याच्या कायद्यातल्या एका अनुमानात. जुन्या कायद्याचे ११४ वे कलम आणि आताच्या साक्ष्य अधिनियमाचे ११९ वे कलम न्यायालयाला असे मानण्याची मुभा देते की, चोरीनंतर लवकरच ज्याच्या ताब्यात माल सापडला तो एकतर चोर आहे किंवा जाणूनबुजून माल घेणारा आहे. त्याने ताब्याचा खुलासा केला तर गोष्ट वेगळी. 'लवकरच' म्हणजे किती दिवस, हे ठरलेले नाही. १९८३ च्या कर्नाटकातील एका खुनाच्या खटल्यात वर्षभरानंतर सापडलेल्या साड्या व दागिन्यांनाही हे अनुमान लागू झाले. उलट १९५६ च्या सांवत खान निकालात न्यायालयाने बजावले होते की, मयताच्या वस्तू जवळ सापडल्या एवढ्यावरून माणसाला खुनी ठरवता येत नाही.

हे अनुमान न्यायालयावर बंधनकारक नाही. ते 'मानता येईल' एवढेच म्हणते, 'मानलेच पाहिजे' असे नाही. खुलासा संभवनीय असला तरी पुरतो. तो कागदानेच सिद्ध केला पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही.

यापलीकडे आपल्या राज्याचा स्वतःचा कायदा आहे. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याच्या १२४ व्या कलमाखाली, चोरीची किंवा लबाडीने मिळवलेली असावी असे मानण्यास कारण असलेली वस्तू जवळ बाळगणाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याचे समाधान होईल असा हिशेब दिला नाही तर तो शिक्षेस पात्र ठरतो. चोरी कोणाकडे झाली, फिर्यादी कोण, हे सिद्ध करण्याचा भार येथे हलका होतो आणि हिशेब देण्याचा भार माणसावर येतो. याच अधिनियमाचे १२२ वे कलम रात्री संशयास्पद रीतीने आढळलेल्या माणसाविषयी आहे. त्यातही 'समाधानकारक खुलासा' हीच कसोटी आहे.

हा हिशेब म्हणजे व्यवहारात पावती. आणि पावती ही वर्गीय वस्तू आहे. मी कॉलेजात गेलो तेव्हा माझ्या वडिलांनी आठवडी बाजारातून एक जुनी सायकल घेऊन दिली. तिची पावती नव्हती. ती मागावी असे त्यांच्या मनातही आले नाही, कारण त्यांनी आयुष्यात घेतलेल्या कुठल्याच वस्तूची पावती त्यांना मिळालेली नव्हती. भंगार गोळा करणारी बाई, कचरावेचक, भांड्यावर जुने कपडे घेणारी, बाजारात शेळी विकणारा, पालावर राहून हातावर पोट भरणारा, या साऱ्यांचे अर्थकारण पावतीविना चालते. तांब्याची तार विकायला नेणाऱ्या पोराने तार कुठून आणली हे सांगायचे, आणि किलोवर तार घेणाऱ्या दुकानदाराकडे मात्र पाटी, परवाना आणि वही असते. ज्याच्याकडे वही आहे त्याचा हिशेब आपोआप समाधानकारक होतो.

'रिकव्हरी'चे राजकारण

पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही, हे बहुतेक कार्यकर्त्यांना माहीत असते. तिचा अपवाद कमी जणांना माहीत असतो. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट निगडित असेल तेवढाच भाग पुराव्यात येतो. जुन्या कायद्यात हे २७ वे कलम होते. आता ते २३ व्या कलमात आहे. 'मी चोरी केली आणि गाडी अमुक विहिरीत टाकली' असे निवेदन असेल, तर पहिला भाग गळतो, विहिरीचा राहतो. प्रिव्ही कौन्सिलने १९४७ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणात ही रेषा आखली. १९६१ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने काथी कालू ओघड प्रकरणात हे कलम घटनाबाह्य नसल्याचे सांगितले. मात्र माहिती सक्तीने काढलेली असेल तर घटनेच्या २० व्या अनुच्छेदाचे संरक्षण उभे राहते, हेही स्पष्ट केले.

या एका कलमामुळे 'माल काढून दे' हे तपासाचे मुख्य वाक्य झाले आहे. कोठडीतला छळ जेथे होतो, तेथे त्याचे एक कारण हे आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे. आपल्या वकिलांनी प्रत्येक प्रकरणात हे चित्रीकरण मागितले पाहिजे. पंच कोण होते, ते नेहमीचेच आहेत काय, वस्तू ओळखण्याजोगी होती काय, मोहोर केव्हा लागली, हे प्रश्न तांत्रिक वाटतात, पण निर्दोष माणसाची सुटका अनेकदा त्यांच्यावरच अवलंबून असते. महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या सहा मजुरांना दरोडा, बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणात फाशीची शिक्षा झाली होती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. तोवर त्यांचे जवळजवळ सोळा वर्षांचे आयुष्य तुरुंगात गेले होते.

वाहनाची चोरी

या विषयाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. चोरी ही केवळ श्रीमंतांची होत नाही. कर्ज काढून घेतलेली रिक्षा, भाजीचा टेम्पो, गवंडीकामाला जाण्याची मोटारसायकल चोरीला जाते तेव्हा एका कुटुंबाची रोजी जाते आणि हप्ते मात्र चालू राहतात. म्हणून चोरीचा कायदा नकोच, अशी भूमिका आपली असू शकत नाही. तो आपल्याही फिर्यादीला उपयोगी पडला पाहिजे, ही आपली मागणी आहे.

जुन्या संहितेत वाहनचोरीला वेगळे कलम नव्हते. ती साधी चोरी, तीन वर्षांपर्यंतची. न्याय संहितेच्या ३०५ व्या कलमाने मालाच्या किंवा उतारूंच्या वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या साधनाची चोरी वेगळी काढली असून तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. रिक्षा आणि टेम्पो यांना ही शब्दरचना सरळ लागू पडते. खाजगी दुचाकीला ती लावायची की नाही, हा अर्थ लावण्याचा प्रश्न आहे.

चोरीला गेलेले वाहन सापडले तरी गरिबाला ते सहजी मिळत नाही. ते पोलीस ठाण्याच्या आवारात उन्हापावसात गंजत राहते. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, मुद्देमाल पंधरा दिवस ते एक महिना यापेक्षा अधिक काळ ठाण्यात पडू देऊ नये. छायाचित्रे व पंचनामा करून, बंधपत्र घेऊन तो मालकाला द्यावा. त्यासाठी आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९७ किंवा ५०३ व्या कलमाखाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. विमा असेल तर आणखी एक निकाल लक्षात ठेवावा: पोलिसांत फिर्याद तत्काळ दिली असेल, तर विमा कंपनीला कळवण्यास उशीर झाला एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही, असे २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात ठरले.

जुनी गाडी घेणाऱ्या तरुणांना एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली पाहिजे. गाडीबरोबर नोंदणीपुस्तक मिळाले म्हणजे मालकी मिळाली असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे नोंदणी नावावर झाली पाहिजे. त्यासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. चासी व इंजिनाचे क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावेत. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळालेली, कागद 'नंतर देतो' म्हणून दिलेली गाडी घेऊ नये. 'मानण्यास सबळ कारण होते' असे न्यायालयात म्हणण्याची संधी येथेच दिली जाते.

नव्या कायद्यातील सवलत आणि सापळा

न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमात एक नवी सवलत आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, पहिल्यांदाच दोष सिद्ध झाला असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर कैदेऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. भाकरीच्या चोरीसाठी तुरुंगात न पाठवण्याचा हा विचार चांगला आहे. पण पुढचे वाक्य वाचले पाहिजे. याच कलमाखाली दुसऱ्यांदा दोष सिद्ध झाला तर किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी आहे. 'कबूल कर, चार दिवस झाडलोट करून सुटशील' असा सल्ला एखाद्या निर्दोष पोराला मिळाला आणि त्याने तो मानला, तर त्याच्या नावावर पहिला दोष कायमचा लागतो. म्हणून अशा प्रकरणी १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाची आठवण न्यायालयाला करून द्यावी. त्याच्या ३ऱ्या व ४थ्या कलमांखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते आणि १२ वे कलम दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून संरक्षण देते. आणि निर्दोष असेल त्याने कबुली देऊच नये, हे तर पहिले तत्त्व.

हिसकावून केलेल्या चोरीला ३०४ हे स्वतंत्र कलम आले आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. याआधी काही राज्यांनी स्वतःच्या दुरुस्त्या केल्या होत्या. हरियाणाने साखळीचोरीला किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली, गुजरातनेही २०१८ मध्ये कडक दुरुस्ती केली. महाराष्ट्रात अशा प्रकरणांत १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याचा, म्हणजे 'मोक्का'चा, वापर झाला.

खरा धोका ११२ व्या आणि १११ व्या कलमांत आहे. ११२ वे कलम 'किरकोळ संघटित गुन्ह्या'चे. टोळीतल्या किंवा गटातल्या कोणी खिसा कापला, दुकानातून वस्तू उचलली, गाडीतून माल काढला, तर एक ते सात वर्षे. 'गट' म्हणजे काय, याची नेमकी व्याख्या तेथे नाही. पालावर राहणारे, एकत्र फिरणारे, एकमेकांचे नातलग असलेले लोक सहज 'गट' ठरू शकतात. पुस्तकातून गेलेला 'भटकी' हा शब्द या दाराने परत येणार नाही, याची खात्री कोण देणार?

१११ वे कलम त्याहून जड आहे. संघटित गुन्ह्यांच्या यादीत वाहनचोरीचे नाव स्पष्ट घातले आहे. शिक्षा किमान पाच वर्षे, कमाल जन्मठेप. दंड किमान पाच लाख. त्यासाठी मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे न्यायालयाने दखल घेतलेली असली म्हणजे पुरते. आरोपपत्रे, शिक्षा नव्हेत. ज्या वस्तीत दर चोरीनंतर पोरे उचलली जातात, तेथे दोन आरोपपत्रे जमायला वेळ लागत नाही. शिवाय टोळीतील माणसाच्या वतीने, हिशेब न देता येणारी मालमत्ता बाळगणाऱ्यालाही किमान तीन वर्षे आहेत. पुन्हा तोच हिशेब, आणि पुन्हा तीच पावती.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट अटकेची. चोरी आणि चोरीचा माल घेणे हे सात वर्षांच्या आतले गुन्हे आहेत. अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असे २०१४ च्या अर्नेशकुमार निकालाने सांगितले. तीच तरतूद आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५ व्या कलमात आहे. अटक झालीच तर कारण सांगणे, वकिलाला भेटू देणे आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हा घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाचा हुकूम आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, स्त्रीला आणि कोठडीतल्या कोणालाही १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

दुसरी गोष्ट नोंदींची. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाची पावले उचलली. अमानतुल्ला खान प्रकरणात पोलिसांच्या गुन्हेगारी नोंदवह्यांत मागास समाजांतील निर्दोष माणसांची नावे यांत्रिकपणे घालू नयेत असे बजावले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगातील जातीय भेदभावाचे नियम रद्द करताना विमुक्त जमातींना जन्माने गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही घटनाबाह्य ठरवल्या. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात या निकालांचे काय झाले, हे विचारण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.

तिसरी गोष्ट अगदी लहान आहे. वस्तीतल्या माणसांना पावती मागण्याची, नसेल तर साक्षीदाराच्या सहीने साधा खरेदीचा कागद करण्याची सवय लावली पाहिजे. कचरावेचकांच्या संघटनांनी ओळखपत्रे दिली, तसे कागदाचे बळ जेथे जमेल तेथे उभे करावे. शिक्षक आणि विद्यार्थ्यांना हे सहज करता येईल.

परंतु कागदाने प्रश्न संपणार नाही, हेही ओळखले पाहिजे. पावती हा बचाव आहे, हक्क नव्हे. निरपराध माणसाला आपल्या हातातल्या वस्तूचा हिशेब देत फिरावे लागू नये, हा हक्क. वस्तू चोरीची आहे आणि ते त्याला माहीत होते, हे सिद्ध करण्याचा भार शासनाचा आहे. हा भार जन्माकडे पाहून कुणाच्याही डोक्यावर सरकवू दिला जाणार नाही, एवढे तरी आपल्या चळवळीने आता ठणकावून सांगितले पाहिजे.